दाजींची दोरी

"सगळ्यांनी जरा मागं सरा," मामा म्हणाला, आणि मला दंडाला धरून त्यानं मशीनच्या समोरनं बाजूला केलं.

हे लक्षात ठेवा. मला तेव्हा वाटलं, मी कुणाच्या तरी फोटोत मधे येत असणार. कारण मोबाइल तर सगळ्यांचेच वर होते. सहा वर्षांपूर्वीचा दसरा, दुपारचा विजयमुहूर्त, पाचगावच्या चढावरचं मामाचं घर. पुढं पोर्च, आणि पोर्चमध्ये जिथं माणसं गाडी लावतात तिथं मामाचं लेथ मशीन. त्याला झेंडूचा हार, हळदकुंकवाची बोटं, समोर नारळ. खाली फाटकाच्या बाहेर दाजींची नवीकोरी गाडी, तिलाही हार. आणि मधे स्वतः दाजी, पांढरा झब्बा, कपाळाला टिळा, थोडं कॅमेऱ्याकडं तोंड करून उभे.

आता मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

मामा उद्यमनगरात एका वर्कशॉपला टर्नर होता, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून कातणारा. एकतीस वर्षं एकाच लेथवर. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा बाकीच्या कामगारांनी काय काय मागितलं, यानं मशीन मागितलं. क्रेन लावून आणलं, पोर्चमध्ये ठेवलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की हे चालणार कशावर. मशीनची मोटर थ्री फेजची, तिला तीन वायरींतनं करंट लागतो. घरात येतात दोन, म्हणजे सिंगल फेज. थ्री फेजचं कनेक्शन मागायला मामा गेला, तर ही राहायची कॉलनी आहे म्हणून नकार. मग काय, दहा महिने तो माणूस रोज सकाळी त्या मशीनला तेल लावून पुसायचा, हँडल इकडनं तिकडं फिरवायचा, आणि खुर्चीत बसायचा. पेपर वाचायचा नाही, बाहेर जायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "चालू हुईल की."

घटस्थापनेच्या दिवशी मामीनं सांगून टाकलं. दसऱ्यापर्यंत चाललं तर ठेव. नाहीतर एकादशीला भंगारवाला येतोय, तिनं त्याला बोलवूनच ठेवला होता. मामी दुष्ट नाही हां. तिचं म्हणणं असं, की हा माणूस मशीन पुसता पुसता एक दिवस त्याच्या शेजारीच आडवा व्हायचा. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. इलेक्ट्रिकल. आणि 'इलेक्ट्रिकल मशीन्स' ह्याच विषयात दोनदा नापास. हसून घ्या. तर भाची इलेक्ट्रिकलची म्हणून मामानं मला हाक मारली, आणि मी पहिल्याच दिवशी मोठ्या रुबाबात मोटरला एक कंडेन्सर लावला, पंख्यात असतो तसला, पण मोठा. तो फुटला. असला आवाज झाला की शेजारच्या आजोबांनी दिवाळीचे फटाके आत्ताच का म्हणून विचारलं.

वाचवलं कुणी, तर हौसाक्कानं. कॉलनीच्या खालच्या अंगाला तिची पिठाची गिरणी. साठीची बाई, कायम पिठानं पांढरी. दळण आणायला गेले होते, तोंड पाडून उभी राहिले, तर तिनं सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय? आमच्या गावाकडं एक वायर गेली की आम्ही दोरीनं चालू करायचो."

तिच्याकडं गिरणीची जुनी मोटर पडून होती. ती तिनं मला दाखवली आणि काय करायचं ते सांगितलं, आणि मी तिथंच पोत्यावर बसले, कारण हेच, अगदी हेच मी दोन वेळा पेपरात सोडून आले होते. बघा, सोपं आहे. ही थ्री फेजची मोटर घरच्या दोन वायरींवर आपणहून सुरू होत नाही, नुसती गुरगुरते. पण तिच्या पुलीला दोरी गुंडाळून जोरात ओढली, म्हणजे आपण भोवरा फिरवतो तशी, की ती पळत सुटते. आणि पळता पळता तिच्या तिसऱ्या टोकाला स्वतःच करंट तयार करते. ती तिसरी वायर आणि घरच्या दोन, अशा तीन नेऊन मशीनला द्यायच्या. झालं.

"म्हणजे ही मोटर काहीच काम करणार नाही?" मी विचारलं.

"न्हाई. जागेवर फिरायचं, आवाज करायचा," हौसाक्का म्हणाली. "तिच्या जिवावर दुसरंच कुणीतरी राबतंय. आमचे हे तसलेच होते."

फक्त एक गोष्ट तिनं मला तीनदा बजावली. दोरी ज्या बाजूनं गुंडाळाल त्या बाजूला ही मोटर फिरणार, आणि हिच्यामुळं पुढचं मशीनही त्याच हिशोबानं फिरणार. मामाच्या मशीनला दोरी डावीकडनं गुंडाळायला हवी होती. उजवीकडनं गुंडाळली तर लेथ उलटं. आणि लेथ उलटं फिरणं म्हणजे चेष्टा नाही. त्याच्या तोंडाला जो लोखंडी चक असतो ना, काम पकडणारा, वीस एक किलोचा, तो आट्यांवर बसवलेला असतो. बाटलीचं झाकण कसं, तसा. सुलट फिरलं की घट्ट होतो, उलट फिरलं की सुटतो.

तर पुढचे पाच दिवस मी आणि मामा, दोघं नुसते ग्रीसमध्ये. मोटरच्या डब्यातल्या पट्ट्या घरच्या करंटला चालतील अशा फिरवून बसवल्या, वायरी ओढल्या. मोटरच्या अंगावर मी खडूनं हा एवढा मोठा बाण काढला, कुठल्या बाजूला फिरायचं त्याचा. अष्टमीला आम्ही गुपचूप चालवून बघितलं. चाललं. मामानं मशीन बंद केलं आणि आत जाऊन दाढी करून आला. दुपारी चारला.

आणि त्याच संध्याकाळी दाजी आले.

दाजी म्हणजे रेवाताईचे मिस्टर, मामाचे एकुलते एक जावई, पुष्करराव. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. सोबत रेवाताई आणि दाजींच्या आई. चहा व्हायच्या आत दाजींनी पोर्चचा राउंड घेतला आणि निकाल दिला, की टेक्निकली हे शक्यच नाही. आम्ही चालवून बघितलंय हे मी सांगितलं, तर म्हणाले की तसं वाटू शकतं.

"साधं गणित आहे, शलाका. घरात एक फेज. मशीनला तीन. एकातून तीन कसे काढणार?"

हौसाक्का तेव्हा मोटर कशी बसलीय ते बघायला आली होती. ती फाटकातनंच म्हणाली, "मी एकटीनं तीन काढली की. तिन्ही पोरं बँकेत हाईत."

रेवाताई हसता हसता आत पळाली. दाजींच्या आई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं की तुझा कुठला गं विषय राहिलाय, आणि मी सांगितलं, आणि त्यांनी नुसतं "असं" म्हटलं. त्या "असं"चा आवाज मला अजून ऐकू येतो.

पण काय आहे, दाजींना शक्य वाटत नसलं तरी मान त्यांचाच. मामीनं जाहीर केलं की दसऱ्याला पहिली दोरी जावईबापूच ओढणार. मामानं मान डोलावली. आमच्याकडं जावयाला कुणी काही बोलत नाही. दाजींनी एकदा पिठलं खाऊन बासुंदी छान झालीय म्हटलं असतं ना, तर मामीनं पुढच्या वेळी पिठल्यात साखर घातली असती. मशीनचं बटण दाबणार मामा, भिंतीवरचा स्विच टाकणार मी, दोरी दाजींची.

तर आता परत तिथंच. विजयमुहूर्त. मी पुलीला दोरी डावीकडनं तीन वेढे गुंडाळून ठेवली, पुलीवर कुंकवाचं बोट लावलं, आणि आत गेले. कारण मशीन चालवायचं म्हणजे घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिज, मिक्सर, पंखे. मामीला श्रीखंडाची काळजी, तिची समजूत काढण्यात माझी पाच-सात मिनिटं गेली. बाहेर आले तर सगळे तयार. मामा मशीनपाशी, दाजी दोरीपाशी, दाजींच्या आई त्यांच्या मागं पूजेचं ताट घेऊन. मामानं मला बाजूला केलं, सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. मी भिंतीवरच्या स्विचपाशी गेले. तिथनं मला दाजींची नुसती पाठ दिसत होती.

दाजींनी दोरी ओढली. मी स्विच टाकला. मोटर गुरगुरली आणि पळायला लागली, काय गोड आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी मागं वळून अंगठा दाखवला. मामानं मशीनचं हिरवं बटण दाबलं.

चक एकदाच हिसका देऊन गर्रकन फिरला, आणि फिरता फिरता पुढं यायला लागला. म्हणजे मशीन जागेवर आणि त्याचं तोंड बाहेर येतंय. मग खाली पडला, धाड्‌दिशी, फरशी फुटली, आणि वीस किलोचं ते चाक झेंडूच्या हारासकट पोर्चच्या उतारावरनं निघालं. घाई नाही काही. वरातीतल्या घोड्यासारखं. नारळाला बाजूला सारलं, फाटक उघडंच होतं, बाहेर गेलं, आणि दाजींच्या गाडीला हेडलाइटच्या खाली जाऊन टेकलं. टेकलं म्हणजे बंपर आत गेला.

मग रस्त्याच्या पलीकडनं हौसाक्का म्हणाली, "सीमोल्लंघन झालं म्हणायचं."

मी स्विच बंद केला, धावत मोटरपाशी आले. ती थांबायला आली होती, हळूहळू फिरत होती, आणि पुलीवरचं माझं कुंकवाचं बोट खडूच्या बाणाच्या बरोब्बर उलट्या बाजूला चाललं होतं. मी तर डावीकडनंच गुंडाळली होती, हे मला पक्कं माहीत होतं. रेवाताई माझ्या कानाशी आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "सासूबाईंनी सोडून परत गुंडाळायला लावली. देवाच्या कामात उलटी दोरी चालत नाही म्हणाल्या. प्रदक्षिणा घालतो तशी हवी."

म्हणजे बघा हां. एकातून तीन निघत नाहीत हे गणितानं सांगणारा माणूस. बाणाकडं बघून, त्या एवढ्या मोठ्या बाणाकडं बघून, आईनं सांगितलं म्हणून दोरी उलट गुंडाळतो.

दाजी गाडी बघून परत आले. चेहरा लाल. पण आवाज एकदम मीटिंगमधला. "वायरिंग उलटं झालंय. फेज सिक्वेन्स चुकलाय. मी म्हटलंच होतं, हे अनुभवी माणसाकडून करून घ्यायला हवं होतं."

"तोच विषय राहिलाय ना तिचा," दाजींच्या आई म्हणाल्या.

मामी पदरानं तोंड पुसत उभी. तिनं मामाकडं बघितलं. सगळ्यांनीच मामाकडं बघितलं, कारण मशीनच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. एकतीस वर्षांचा टर्नर. मला वाटलं, आता हा सांगेल. बाण बघेल, दोरी बघेल, आणि सांगेल.

मामानं दाजींच्या गाडीकडं बघितलं. मग त्याच्या मशीनकडं, बिनतोंडाच्या. आणि म्हणाला, "पोरीची चूक झाली. वायर उलटी लागलीया."

तुम्हाला सांगते, तो कंडेन्सर माझ्या छातीत फुटला असता तरी चाललं असतं. माझी वायर उलटी, म्हणजे अष्टमीला चाललं ते काय भूत होतं? पण मी बोलणार काय? खरं बोलले तर मामा खोटा पडतो, दाजी खोटे पडतात, दाजींच्या आई पुण्याला जाऊन जन्मभर बोलतात आणि ते रेवाताईला ऐकावं लागतं. नाही बोलले तर एकादशीला भंगारवाला. आणि मामाकडं बघितलं तर तो खुर्ची शोधत होता. तीच पेपर न वाचायची खुर्ची.

तेवढ्यात मला सुचलं. आणि हे सुचलं तेव्हाच मी त्या विषयात पास झाले, निकाल काही का लागेना.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "माझीच चूक. वायर उलटी लागलीय. मुहूर्त किती वेळ आहे अजून?"

दाजींच्या आईंनी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं होती.

मी मेन बंद केला, मशीनचा डबा उघडला आणि तीन वायरींतल्या दोन एकमेकींच्या जागी लावल्या. बस. पाना फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. दोन वायरींची अदलाबदल केली की लेथ उलट्या बाजूला फिरतं. म्हणजे आता दोरी उजवीकडनं गुंडाळली तरच ते सुलट चालणार. देव खूश, मशीन खूश. खडूचा बाण मी ओढणीनं पुसला. मामा आणि समोरचे दोघं जण चक उचलून घेऊन आले. मामानं त्याच्या आट्या बोटानं चाचपल्या, फडक्यानं पुसल्या, मशीनला चढवला. आटा पहिल्या वेढ्याला धरला.

मग मी दोरी उचलली आणि दाजींच्या हातात दिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दाजी, मघाशी तुम्ही सोडून परत गुंडाळलीत ना, अगदी तशीच गुंडाळा. अजिबात बदल करू नका."

मामीच्या बांगड्या वाजल्या. दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं, मला कळलं, हौसाक्काला तर रस्त्यापलीकडं कळलं. त्यांनी खाली मान घालून दोरी गुंडाळली. उजवीकडनं. प्रदक्षिणेसारखी. आणि ओढली.

चाललं. सुलट. चक जागेवर, त्याच्यावर उरलेल्या चार पाकळ्या उडाल्या. मामानं खिशातनं पितळेचा एक तुकडा काढला, दहा महिने तो खिशातच ठेवत असणार, चकमध्ये पकडला आणि टूल लावलं. पितळेची साल लोखंडासारखी लांब निघत नाही. कण उडतात. पिवळेजर्द, भुरुभुरु, मामाच्या हातावर, शर्टवर, फुटक्या फरशीवर. मामीनं आपट्याचं पान पुढं धरलं, त्याच्यावर ते कण झेलले आणि आत घटापुढं नेऊन ठेवले. जाता जाता म्हणाली, "त्या भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन करा कुणीतरी." आणि फ्रिज लावायला सांगितलं.

मामानं मशीन बंद केलं. मूठभर कण आपट्याच्या पानांत घेतले आणि सोनं वाटायला उठला. दाजींनी हात पुढं केला. मान त्यांचा पहिला, माहीतच आहे. मामा त्यांच्या हाताच्या बाजूनं सरळ चालत माझ्यापाशी आला आणि माझ्या हातावर पान ठेवलं.

"मला दिसलं हुतं," तो म्हणाला. फक्त मला ऐकू येईल असं.

"काय?"

"दोरी बदलताना. म्हणून तर तुला बाजूला केलं."

म्हणजे याला माहीत होतं. चक सुटणार, मशीन भंगारात जाणार, सगळं माहीत असताना यानं ते हिरवं बटण दाबलं. "मग बोलला का नाहीस मामा?"

"जावई हाय गं तो."

"आणि मी?"

मामानं थोडा विचार केला. खरंच केला, मला दिसलं. "तू घरची," तो म्हणाला.

मग तो दाजींकडं गेला, त्यांच्या हातावर सोनं ठेवलं आणि म्हणाला, "मूठ मिटू नका हां. टोचतंय."

एकादशीला दाजींची गाडी आत गेलेल्या बंपरसकट चढ उतरून गेली. ती वळली तसा मी डबा उघडला आणि दोन वायरी परत जागेवर केल्या. मामा बघत होता. त्यानं दोरी उचलली आणि स्वतःच डावीकडनं गुंडाळली.

आता तुम्ही विचारत होता ना, की ही दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी पर्समध्ये पाना घेऊन कुठं जाते, तर इथं जाते. कारण दाजी दर वर्षी येतात. पहिली दोरी त्यांचीच. मग मी नवमीला जाऊन वायरी उलट्या करते, दाजी प्रदक्षिणेसारखी दोरी गुंडाळून ओढतात, मशीन सुलट चालतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि एकादशीला मी परत वायरी सुलट करते. त्यांच्या ऑफिसातसुद्धा माहीत आहे म्हणे, सासऱ्यांचं लेथ यांनीच चालू करून दिलं. मामीला माहीत आहे, रेवाताईला माहीत आहे, हौसाक्का तर खास बघायला येते. सहा वर्षं, एक माणूस बोललेला नाही.

पण आज सकाळी मामाचा फोन आला. मी म्हटलं, निघतेच आहे, पाना घेतलाय.

"पाना ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला. "यंदा वायरीला हात लावू नको. फिरू दे उलटं, सगळ्यांसमोर. मी चक काढून ठेवलाय."